'लेव्ही' या शब्दाचे अर्थ आणि उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात इंग्रजीतून मराठीत अनुवाद शिकवताना काही शब्दांपाशी दरवर्षी वर्ग अडखळतो, आणि 'लेव्ही' हा त्यांतला एक ठरलेला शब्द आहे. पाण्यावरचा उतारा वाचणाऱ्याला तो धरण वाटतो, इतिहासाच्या उताऱ्यात तो दरबारासारखा भासतो, आणि घरी शेती असणाऱ्या विद्यार्थ्याला तो थेट सरकारी धान्यवसुलीची आठवण करून देतो. विद्यार्थ्यांनी आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

'लेव्ही' हा एकच शब्द आहे की अनेक?

मराठी लिपीत तो एकच दिसतो, पण इंग्रजीत तेथे दोन शब्द आहेत. एकाचे स्पेलिंग 'एल, ई, व्ही, ई, ई' असे आहे, तर दुसऱ्याचे 'एल, ई, व्ही, वाय' असे आहे. पहिल्याचे दोन मुख्य अर्थ आहेत : नदीच्या काठाने पुराचे पाणी अडवण्यासाठी घातलेला मातीचा लांब बांध, आणि राजाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने ठरावीक वेळी पुरुष पाहुण्यांना दिलेली औपचारिक भेट. दुसऱ्याचा अर्थ कर, वसुली किंवा सक्तीची भरती असा होतो. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार सामान्यतः सारखाच होतो, त्यामुळे देवनागरीत लिहिताना ते एकमेकांत मिसळतात. या पानावर मुख्यतः पहिल्या शब्दाचा विचार केला आहे. दुसरा मात्र वारंवार डोके वर काढतो, आणि त्याला तसे कारणही आहे.

या शब्दाचे मूळ काय?

फ्रेंच भाषेत 'लव्हे' हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ उचलणे, वर करणे, उठवणे असा होतो. ते लॅटिन 'लेव्हारे' या क्रियापदावरून आले, आणि 'लेव्हारे' हे 'लेव्हिस' म्हणजे हलका या विशेषणावरून तयार झाले. एखादी वस्तू उचलणे म्हणजे तिला हलकी करणे, अशी ती कल्पना आहे.

येथपर्यंतची माहिती बहुतेक शब्दकोशांत मिळते. मराठी वाचकाला रस वाटेल अशी गोष्ट याच्या पुढे आहे. लॅटिन 'लेव्हिस' आणि संस्कृत 'लघु' हे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. वजनाने हलका या अर्थाचा इंग्रजी 'लाइट' हाही त्याच घरातला. 'लघु' प्राकृतात 'लहु' झाला, पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलुअ' अशी रूपे आली, आणि आपले 'हळू' व 'हलका' हे शब्द त्याच वाटेने आले असे व्युत्पत्तिकार मानतात. अष्टसिद्धींपैकी 'लघिमा' म्हणजे शरीर हलके करून अधांतरी होण्याची सिद्धी. इंग्रजीत अधांतरी तरंगण्याला 'लेव्हिटेशन' म्हणतात, आणि तोही 'लेव्हिस'वरूनच घडलेला आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच मुळापासून एकाच चमत्काराचे नाव काढावे, हा योगायोग मला दरवर्षी वर्गात सांगावासा वाटतो.

मग धान्याच्या लेव्हीचा आणि नदीच्या लेव्हीचा संबंध आहे का?

आहे, आणि तो वरवरचा नाही. दोन्ही शब्द त्याच फ्रेंच क्रियापदाची लेकरे आहेत. मध्ययुगात कर 'उचलणे' किंवा सैन्य 'उठवणे' या अर्थाने फ्रेंचमध्ये हे रूप रुळले आणि तेथून वसुलीची लेव्ही इंग्रजीत आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात २३ ऑगस्ट १७९३ रोजी सरसकट लष्करभरतीचे जे फर्मान निघाले, त्याला इतिहासात 'लव्हे आं मास' म्हणतात. तेथील 'लव्हे' आणि मिसिसिपीच्या काठावरचा बांध यांत अक्षराचाही फरक नाही.

मराठीत ही सगळी सांगड समजायला कठीण जाऊ नये, कारण आपल्याकडे 'उभारणे' हे क्रियापद नेमके तेच काम करते. आपण भिंत उभारतो, फौज उभारतो आणि वर्गणीही उभारतो. आपल्या मनाला मातीचा ढिगारा, शिपाई आणि पैसा हे तिन्ही 'उभे' करण्याजोगे वाटतात, तसे फ्रेंच मनाला ते 'उचलण्या'जोगे वाटले.

महाराष्ट्रात वसुलीच्या अर्थाची लेव्ही पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. धान्यटंचाईच्या वर्षांत शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने घेतलेली ज्वारी किंवा धान ही 'लेव्ही' होती. साखर कारखान्यांनी उत्पादनाचा काही भाग ठरावीक दराने सरकारला द्यायचा, ती 'लेव्ही साखर'. ही सक्ती २०१३ मध्ये उठवण्यात आली. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार हमालांच्या मजुरीवर मालकाने मंडळाकडे भरायच्या रकमेला बाजारात आजही 'माथाडी लेव्ही' म्हणतात. कळमन्याच्या बाजारात 'लेव्ही भरली का?' असे कोणी विचारले, तर तो नदीबद्दल बोलत नाही हे वेगळे सांगायला नको.

नदीच्या बांधाला हे नाव कोठे मिळाले?

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने पूर अडवण्यासाठी मातीचे उंचवटे घालण्याची परंपरा मध्ययुगापासून आहे. तेथील सुरुवातीच्या ठेंगण्या बांधांना 'त्युर्सी' म्हणत, आणि पुढे उंच व सलग बांधांसाठी 'लव्हे' हे नाव रूढ झाले. येथील 'लव्हे' हे क्रियापदाचे स्त्रीलिंगी भूतकाळवाचक रूप आहे. म्हणजे 'उचललेली', 'वर केलेली' जमीन.

फ्रेंच वसाहतकारांनी हा शब्द अटलांटिकपलीकडे नेला. १७१८ मध्ये ब्यँव्हिल याने मिसिसिपीच्या वळणावर न्यू ऑर्लिन्सची स्थापना केली. तेथील सखल जमीन पाहता नगररचनेच्या बरोबरीनेच बांधाचे काम काढावे लागले. १७२७ पर्यंत शहरासमोर सुमारे १ मैल लांबीचा आणि माथ्यावर १८ फूट रुंदीचा बांध पुरा झाला होता. पुढे प्रत्येक जमीनमालकाने आपल्या शेतासमोरचा बांध स्वतः घालावा असा दंडक आला, आणि अशा तुकड्यातुकड्यांनी तो नदीच्या दोन्ही काठांनी वाढत गेला. १८०३ मध्ये लुइझियाना प्रांत अमेरिकेने विकत घेतला, तेव्हा जमिनीबरोबर हा शब्दही इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती आला. इंग्लंडात तोवर अशा बांधासाठी वेगळे शब्द होते, त्यामुळे नदीच्या अर्थाची लेव्ही हा आजही प्रामुख्याने अमेरिकी इंग्रजीचा शब्द आहे. तेथे बांध फुटून पडलेल्या खिंडारालाही 'क्रेव्हास' हा फ्रेंच शब्दच वापरत.

लेव्ही, धरण, बंधारा आणि डाइक यांत फरक काय?

अनुवादातील बहुतेक चुका येथे होतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

धरण आणि बंधारा हे दोन्ही प्रवाहाला आडवे असतात. नदी त्यांना समोरून येऊन धडकते, पाणी साठते किंवा पातळी वाढते, आणि हवे तेव्हा ते सोडता येते. लेव्ही प्रवाहाला समांतर असते. ती पाणी साठवत नाही. नदीला तिच्या पात्रात राहू देते आणि फक्त पुराच्या दिवसांत पलीकडची जमीन कोरडी ठेवते. वर्षातील बहुतेक दिवस लेव्हीच्या दोन्ही बाजूंना पाणी नसते, तिच्यावर गवत वाढते, माथ्यावरून लोक चालतात.

डाइक हा डच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत आढळणारा जुना जर्मानिक कुळातला शब्द. काटेकोर वापरात, जी जमीन एरवीही पाण्याच्या पातळीखाली असते तिला कायम कोरडी ठेवणारा बांध म्हणजे डाइक. नेदरलँड्समधील समुद्रालगतच्या भिंती तशा आहेत. गंमत अशी की इंग्रजीत खड्डा किंवा चर या अर्थाचा 'डिच' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. माती खणली की एका बाजूला खड्डा पडतो आणि दुसऱ्या बाजूला ढीग होतो. एका भाषेने खड्ड्याला नाव दिले, दुसरीने ढिगाला.

२००५ मध्ये २९ ऑगस्टला कॅट्रिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्समधील बांध आणि पूरभिंती ५० हून अधिक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या वेळच्या मराठी बातम्यांत 'धरणे फुटली' असे वाचल्याचे मला स्पष्ट आठवते. वाचकाच्या डोळ्यांसमोर कोयना किंवा तोतलाडोहसारखी भिंत उभी राहिली असेल, आणि धरणच नसलेल्या शहरात धरण फुटले कसे, हा प्रश्न कोणालाच पडला नसेल.

मग मराठीत 'लेव्ही'साठी कोणता शब्द वापरावा?

लेखनात 'तटबंध' हा शब्द सर्वांत नेमका आहे. तट म्हणजे काठ. काठाने घातलेला बंध तो तटबंध. हिंदीत तो पूर्ण रुळलेला आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा काठबांध फुटला आणि उत्तर बिहारचा मोठा प्रदेश बुडाला, तेव्हा हिंदी वृत्तपत्रांनी एकमुखाने 'तटबंध टूटा' असेच छापले. मराठीत हा शब्द थोडा पुस्तकी वाटतो हे मान्य आहे. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना 'नदीकाठचा पूरबांध' किंवा पहिल्या उल्लेखात 'पूर अडवण्यासाठी नदीकाठाने घातलेला मातीचा बांध' असे लिहून पुढे नुसते 'बांध' म्हटले तरी चालते. काँक्रीटची उभी भिंत असेल तर 'पूरसंरक्षक भिंत' म्हणावे. इंग्रजीतही तिच्यासाठी वेगळा शब्द आहे.

फक्त 'बांध' एवढेच लिहिणे मात्र टाळावे, कारण मराठी वाचकाला त्यातून आधी शेताचा बांध आणि त्यापाठोपाठ भावकीतले भांडण दिसते.

विदर्भात यासाठी बोलीतला शब्द आहे का?

नदीकाठच्या सलग बांधासाठी वेगळा, सर्वत्र चालणारा शब्द माझ्या ऐकण्यात नाही, पण जवळचे दोन शब्द चांगले आहेत. तलावाच्या मातीच्या बांधाला पूर्व विदर्भात 'पाळ' म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडील मालगुजारी तलावांच्या संदर्भात 'तलावाची पाळ फुटली' हे वाक्य पावसाळ्यात हमखास कानावर येते. दुसरा शब्द 'धुरा', म्हणजे दोन शेतांमधली मातीची हद्द. अमेरिकेतील आर्कान्सा आणि लुइझियाना या भातपिकाच्या प्रांतांत खाचरात पाणी उभे राहावे म्हणून घातलेल्या लहान बांधांनाही 'लेव्ही'च म्हणतात. धानाच्या बांधीला सरावलेल्या आपल्या वाचकासाठी तेथे 'तटबंध' लिहिणे हास्यास्पद होईल. तेथे 'धुरे' हाच शब्द हवा. एकाच इंग्रजी शब्दाला संदर्भानुसार दोन मराठी शब्द द्यावे लागतात, आणि यात अनुवादकाने लाजण्यासारखे काही नाही.

'बांध' या शब्दाचा 'लेव्ही'शी काही नातेसंबंध आहे का?

व्युत्पत्तीने अजिबात नाही. 'बांध' हा 'बन्ध्' धातूचा. बांधणे, जखडणे हा त्याचा गाभा. इंग्रजी 'बाइंड' हे त्याच प्राचीन कुळातले, आणि फारसी 'बंद'ही. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी 'बंद' उचलून 'बंड' केला आणि तो पूर्वेकडे नेला. शांघायमधील हुआंगपू नदीकाठचा प्रसिद्ध रस्ता 'द बंड' म्हणून ओळखला जातो तो याच शब्दामुळे. पुण्यातील बंड गार्डन हे नावही तेथील नदीवरच्या बंधाऱ्यामुळे पडले. बंडखोरीशी त्याचा संबंध नाही.

मला स्वतःला येथे सर्वांत अधिक विचार करावासा वाटतो. त्याच मातीच्या लांब ढिगाऱ्याकडे फ्रेंच माणसाने पाहिले तेव्हा त्याला जमीन वर उचललेली दिसली, आणि आपल्या पूर्वजांनी पाहिले तेव्हा त्यांना पाणी बांधलेले दिसले. एका नावात माणसाने मातीला काय केले ते आहे, दुसऱ्यात त्याने पाण्याला काय केले ते आहे. 'तटबंध' हा अनुवाद अर्थाने अचूक असला, तरी त्यात 'उचलण्या'ची ती प्रतिमा हरवते, आणि ती परत आणण्याचा उपाय मला सापडलेला नाही.

भूगोलाच्या पुस्तकातील 'पूरतट' म्हणजे लेव्हीच का?

होय, परंतु तो नैसर्गिक लेव्हीसाठीचा शब्द आहे. नदीला पूर येऊन पाणी काठावरून पसरू लागले की त्याचा वेग एकदम मंदावतो. जड वाळू आणि भरड गाळ काठाशेजारीच खाली बसतो, तर बारीक चिकणगाळ पुढे वाहत जाऊन दूरवर पसरतो. असे शेकडो पुरांत घडत राहिले की काठ हळूहळू उंच होतो आणि त्यामागची जमीन सखल, दलदलीची राहते. हा उंच झालेला काठ म्हणजे पूरतट, आणि मागचा विस्तीर्ण भाग म्हणजे पूरमैदान.

न्यू ऑर्लिन्सची जुनी फ्रेंच वस्ती अशाच पूरतटावर वसली होती, आणि २००५ च्या महापुरात तिचा बराचसा भाग कोरडा राहिला. नंतरच्या पिढ्यांनी पंप लावून मागची दलदल उपसली आणि तेथे घरे बांधली. पाणी तेथे भरले. माणसाने लेव्ही घालायला सुरुवात केली तेव्हा तो नदीचेच अर्धवट काम पुढे नेत होता, असे म्हणता येईल. मात्र एक मोठा फरक आहे. नदी स्वतःचा पूरतट घालते तेव्हा ती मागच्या मैदानालाही गाळ देत असते. माणसाचा बांध हा गाळ आत अडवतो, पात्राचा तळ वर येऊ लागतो आणि बांधाची उंची वाढवत राहावी लागते. चीनमधील पीत नदीचा तळ काही भागांत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर वर गेला आहे, आणि तिला तेथे 'टांगती नदी' म्हणतात. 'उचललेली जमीन' या नावाने सुरू झालेली गोष्ट तेथे 'उचललेली नदी' होऊन बसली आहे.

नागनदीच्या भिंती किंवा अंबाझरीचा बांध यांना लेव्ही म्हणता येईल का?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो.

अंबाझरीचा मातीचा बांध प्रवाहाला आडवा आहे आणि त्यामागे पाणी साठते. म्हणून तो धरण आहे, किंवा आपल्या शब्दांत तलावाची पाळ. नागनदीच्या शहरातील दोन्ही बाजूंच्या भिंती प्रवाहाला समांतर आहेत, एवढ्यापुरते त्यांचे लेव्हीशी साम्य आहे. परंतु त्यांतील बहुतेक भिंती काठ खचू नये, माती पात्रात ढासळू नये यासाठी आहेत. त्यांना 'संरक्षक भिंत' हा प्रचलित शब्दच योग्य आहे. लेव्ही म्हणायचे तर काठापेक्षा उंच, रुंद पायाचा, दोन्हीकडे उतार असलेला मातीचा सलग बांध हवा, आणि शहरातून वाहणाऱ्या नागनदीला तेवढी जागाच आपण ठेवलेली नाही.

राजाच्या 'लेव्ही'चा अर्थ कसा आला?

येथेही मूळ क्रियापद तेच आहे, पण उचलायचे ते राजाला, म्हणजे अंथरुणातून. फ्रेंच दरबारात राजाच्या सकाळच्या उठण्याला 'लव्हे' म्हणत. हे पुल्लिंगी नाम आहे, म्हणजे बांधाचा 'लव्हे' आणि राजाचा 'लव्हे' ही एकाच क्रियापदाची दोन वेगळी रूपे. चौदाव्या लुईने या उठण्याचा सोहळा केला. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला कायमचा हलल्यानंतर तर त्याला ठाशीव वेळापत्रक आले. आधी मोजक्या निकटवर्तीयांसमोर 'छोटे उठणे', मग मोठ्या समुदायासमोर 'मोठे उठणे'. कोणाला कोणत्या टप्प्यात आत सोडायचे, राजाला सदरा कोणी द्यायचा, हे सगळे मानपानाचे विषय होते. रात्री निजण्याचाही असाच विधी असे.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाला रोज पहाटे काकड आरतीने उठवतात आणि रात्री शेजारतीने निजवतात. तेथेही दाराशी ताटकळणारे भक्त असतात आणि मान ठरलेले असतात. फरक एवढाच की आपण हा उपचार देवासाठी राखून ठेवला, लुईने तो स्वतःसाठी मागून घेतला. स्वतःला सूर्याची उपमा देणाऱ्या राजाने आपले उठणे हा सूर्योदय मानावा, हे त्याच्या तर्काला धरूनच होते. अकबरापासून मुघल बादशहा सकाळी झरोक्यातून प्रजेला दर्शन देत, आणि औरंगजेबाने ती प्रथा बंद केली, हेही या संदर्भात आठवते. मात्र झरोका प्रजेसाठी होता, लव्हे सरदारांसाठी.

इंग्रजांकडे ही प्रथा कशी बदलली? आणि ती हिंदुस्थानात होती का?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या चार्ल्सच्या काळात ही फ्रेंच पद्धत इंग्लंडात पोचली. हळूहळू शयनगृह मागे पडले, सकाळही मागे पडली, आणि अठराव्या शतकात लेव्ही म्हणजे राजाने दुपारी फक्त पुरुषांना दिलेली औपचारिक भेट असा अर्थ उरला. स्त्रियांच्या भेटीचा समारंभ वेगळा असे. लंडनमधील सेंट जेम्स राजवाड्यात या लेव्ही होत, आणि १९३९ नंतर त्या थांबल्या. शब्दात 'उठणे' राहिले, प्रत्यक्षात राजा कधीच उठून बसलेला असे.

हिंदुस्थानात व्हाइसरॉय आणि प्रांतांचे गव्हर्नर लेव्ही भरवीत. तिला 'दरबार' म्हणणे चूक आहे. दरबारात आसनांचा क्रम, नजराणे, खिलती हा आपल्याकडचा साज असे, आणि संस्थानिक व सरदार यांचे स्थान त्यात ठळकपणे दिसे. लेव्हीत निमंत्रित पुरुष ओळीने येऊन, नाव पुकारले गेल्यावर वाकून पुढे सरकत. नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, त्यामुळे त्या काळातील इंग्रजी कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्याला हा शब्द भेटू शकतो; 'गव्हर्नरांची औपचारिक भेट' किंवा 'लेव्ही' असेच लिहून पहिल्यांदा खुलासा करावा.

एक निरीक्षण जाता जाता. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधील रविभवनात मंत्र्यांच्या कॉटेजसमोर सकाळी निवेदने हाती घेऊन उभी असलेली मंडळी पाहिली, की व्हर्सायचे मोठे आणि छोटे उठणे समजावून सांगायला दुसरे उदाहरण लागत नाही. आणि नावातही सूर्य आहेच.

ही प्रथा आज कोठे जिवंत आहे का?

कॅनडात आहे. १ जानेवारीला राजाचे प्रांतिक प्रतिनिधी म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर, महापौर, लष्करी तुकड्या नववर्षाची 'लेव्ही' ठेवतात आणि नागरिक येऊन हस्तांदोलन करून जातात. येथे स्त्रियांनाही मज्जाव नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना दर मंगळवारी दुपारी लेव्ही घेत आणि हस्तांदोलन न करता फक्त वाकून अभिवादन करीत. प्रजासत्ताकात हा राजेशाही थाट कशाला, अशी टीका होई. जेफरसन यांनी १८०१ मध्ये सूत्रे घेतल्यावर तो बंद केला. अमेरिकेत आज हा शब्द प्रामुख्याने बांधाच्याच अर्थाने उरला आहे.

आणखी काही अर्थ आहेत का?

मिसिसिपीकाठच्या सेंट लुइससारख्या गावांत वाफेच्या बोटी बांधालाच लागत, म्हणून धक्क्यालाही लेव्ही म्हणू लागले. बांधाचा धक्का झाला, हे 'घाट' शब्दाच्या प्रवासासारखे आहे. आपल्याकडेही नदीच्या पायऱ्या आणि डोंगराची वाट एकाच शब्दात राहतात. ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा ओघ वाहताना कडेने थिजून जे उंच काठ तयार होतात, त्यांनाही भूशास्त्रात लेव्ही म्हणतात. फ्रेंच पत्त्यांच्या खेळात 'लव्हे' म्हणजे आपण ज्याला 'हात' म्हणतो तो. जिंकलेली पाने उचलली जातात, म्हणून.

दिसायला सारखे, पण नात्याने वेगळे असे शब्द कोणते?

'लेव्हल' म्हणजे पातळी हा शब्द बहुतेकांना लेव्हीचा भाऊ वाटतो, विशेषतः पुराच्या पातळीची चर्चा चालू असताना. पण तो लॅटिन 'लिब्रा' म्हणजे तराजू या शब्दाच्या लघुरूपावरून आला आहे. 'लीव्ह' म्हणजे रजा हाही परका. याउलट तरफ या अर्थाचा 'लिव्हर', उद्वाहकासाठीचा 'एलिव्हेटर', मदतकार्यासाठीचा 'रिलीफ' हे खरे नातलग आहेत. पूर्व भूमध्य प्रदेशाला 'लेव्हान्ट' म्हणतात तेही याच क्रियापदामुळे, कारण तिकडे सूर्य वर येतो. आपणही पूर्वेला उगवतीकडची बाजू म्हणतोच.

उच्चार आणि लिंग कोणते धरावे?

इंग्रजीत पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'लेव्ही' असा उच्चार करतात. 'लीव्ही' असा नाही. राजाच्या भेटीच्या अर्थाने काही जण दुसऱ्या अक्षरावर जोर देतात. मराठीत शब्द ईकारान्त असल्याने तो सहज स्त्रीलिंगी होतो : लेव्ही फुटली, लेव्ही भरली, लेव्ही घेतली. फ्रेंच 'लव्हे', म्हणजे बांध, हाही स्त्रीलिंगीच आहे. अनेकवचनी 'लेव्ह्या' असे रूप व्याकरणाने होऊ शकते, पण ते वाचताना जीभ अडखळते. 'दोन्ही काठांच्या लेव्ही' असे लिहून क्रियापदावरून वचन कळू देणे अधिक बरे. वसुलीची लेव्ही आणि बांधाची लेव्ही एकाच मजकुरात आल्या, तर बांधासाठी सरळ 'तटबंध' लिहावे, आणि लेव्ही हा शब्द बाजार समितीच्या पावतीसाठी सोडून द्यावा.